पाणी बघायचं असेल तर आखाडात या

आपल्यापैकी बहुतेकांना भिवंडी माहीत असते ती मोबाइलच्या पडद्यावर. रात्री साडेअकराला कंटाळा आला म्हणून हेडफोन मागवायचे आणि सकाळी उठून बघायचं, तर "आपली ऑर्डर भिवंडीहून निघाली आहे" असा निरोप आलेला असतो. पुण्यातल्या माणसाचं पार्सल भिवंडीहून, नाशिककराचंही भिवंडीहून. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्यात तर भिवंडी हा ड्रॉपडाउनमधला एक पर्याय आहे, ४२१३०२. कोडमध्ये मी हे गाव काही हजार वेळा टाइप केलं असेल, आणि प्रत्यक्षात पाय ठेवला तो २०२५ च्या फेब्रुवारीत. तोही पाणथळ जागांचा उत्सव साजरा करायला. हसू नका, खरंच.

तर झालं असं. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ भूमी दिन. त्या वर्षी तो नेमका रविवारी आला. सीएसआरवाल्यांची मेल आली : खाडीकिनारा स्वच्छता, प्रतिज्ञा, पक्षीनिरीक्षण, नाश्त्याची सोय केली आहे. बस भरून निघालो. कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरच्या पुढे खाडीकाठचं एक गाव (नाव मुद्दामच लिहीत नाही, त्या गावाचा यात काही दोष नाही). तिथे कमान उभारलेली, निळ्या टोप्या, निळे टी-शर्ट, एक मोठा फलक. आम्ही शपथ घेतली, हातमोजे घातले आणि दोन तास प्लास्टिक उचललं. चाळीसेक पोती भरली असतील. मग गरम पोहे आणि ग्रुप फोटो. पक्षीनिरीक्षणात चार बगळे आणि बऱ्याच घारी. अकराला परत बसमध्ये.

मध्येच आमच्या टीममधल्या एका मुलीने अगदी निरागसपणे विचारलं, "पण पाणथळ नक्की कुठंय?" समोर ओहोटीचा काळा चिखल होता, मागे तडकलेली सुकी शेतं आणि त्यात स्टंप रोवून क्रिकेट खेळणारी पोरं. आयोजकांनी हात गोल फिरवून "हे सगळंच" असं दाखवलं. "हे सगळंच" मध्ये पलीकडची निळ्या पत्र्याची गोदामंही येत होती.

बांधावर एक म्हातारे काका केव्हापासून आमची गंमत बघत उभे होते. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "काका, इथं पाणी कुठवर येतं?" ते म्हणाले, "पानी बघायचा आसंल तं आखाडान या." आखाडात, म्हणजे आषाढात.

मी हसून विषय सोडून दिला. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण माणसाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आपण पाण्याचा सण अशा दिवशी साजरा करतो आहोत ज्या दिवशी तिथे पाणी नसतं.

२ फेब्रुवारी ही तारीख आली कुठून? इराणमध्ये कॅस्पियन समुद्राच्या काठी रामसर नावाचं गाव आहे. तिथे १९७१ साली त्या दिवशी पाणथळ जागांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्या दिवसाला अधिकृत मान्यताही दिली. करार उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती सह्यांची तारीख आहे, आपल्या पाण्याची नव्हे. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरात जातो. फेब्रुवारीत कोकणपट्टीतल्या बहुतेक पाणथळ जागा मोकळ्या मैदानासारख्या दिसतात. मैदानासारखी दिसणारी जागा म्हणजे काय, हे ज्याने कधी प्लॉट बघितलाय त्याला सांगायला नको.

आता थोडा भूगोल, कारण मलाही तो नंतरच कळला. आपण मुंबईकर "ठाण्याची खाडी" म्हणतो ती वेगळी आणि भिवंडीची खाडी वेगळी. उल्हास नदी कल्याणवरून येते आणि तिचं मुख्य अंग भिवंडी तालुक्याला वळसा घालून घोडबंदरावरून वसईला समुद्राला मिळतं. पारसिकच्या बाजूने एक फाटा तेवढा ठाण्याच्या खाडीला जोडलेला आहे. भिवंडी शहरातून वाहणारी कामवारी नदीही शेवटी याच उल्हासच्या खाडीत येते. यंत्रमाग, सायझिंग, डाईंग यांचं जे काही असतं ते घेऊन येते, पण येते. म्हणजे भिवंडीच्या एका अंगाला भरतीचं पाणी आत शिरतं आणि दुसऱ्या अंगाने पावसाचं पाणी खाली उतरतं. ही दोन्ही पाणी जिथे भेटतात तो सगळा पट्टा म्हणजे पाणथळ. या तालुक्यातल्या एका गावाचं नावच खारबाव आहे, यावरून काय ते समजा.

१६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि पुढे मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं या खाडीत बांधली गेली, हे आपण चौथीत वाचलेलं असतं. आरमार जिथे जन्माला येतं तिथे पाणी असणारच, एवढं मात्र पुढे आपल्या लक्षात राहत नाही.

या पट्ट्यातली शेती मला सर्वात भारी वाटली, कारण ती निव्वळ इंजिनिअरिंग आहे. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, त्याला ठिकठिकाणी उघाड्या ठेवायच्या. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीच्या वेळी बाहेरचं खारं पाणी दार दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं. ना मोटर ना सेन्सर. पावसाच्या पहिल्या सरींनी जमिनीतला खार धुऊन निघतो आणि मग खारं सोसणारं भात लावायचं. बांधाच्या बाहेर तिवरांची रांग, ती लाटांचा मार खाते. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं की कोलंबी. चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या. आगरी-कोळी घरांमध्ये याची जेवणं झालेली असतात आणि आपण ज्याला "दलदल" म्हणून नाक मुरडतो, ते त्यांचं ताट असतं. (दलदल हा शब्द मराठीत आता फक्त राजकारणासाठी आणि भ्रष्टाचारासाठी उरलाय. बिचारी दलदल.)

सातबाऱ्यावर मात्र लागवडीखाली न येणाऱ्या जमिनीला एकच नाव, पोटखराबा. सरकारला सारा देत नाही ती जमीन खराब. साहेबाच्या काळात हे हिशेबाच्या सोयीसाठी ठीक असेल, पण शब्दाचा परिणाम होतोच. जमीन आधीच "खराब" असेल तर तिच्यात चार डंपर राडारोडा टाकून ती "चांगली" केली असंच म्हणणार ना कोणीही.

इथे थोडं गणित करू या, आपला धंदाच तो. समजा एक लाख चौरस फुटांचं गोदाम बांधायचं आहे. गोदामवाल्यांच्या हिशेबात हे काही फार मोठं नाही. एक लाख चौरस फूट म्हणजे साधारण ९,२९० चौरस मीटर. जागा सखल आहे म्हणून जोतं एक मीटर उचललं. म्हणजे तिथे पावसाळ्यात जे मीटरभर पाणी उभं राहायचं, ते ९,२९० घनमीटर, म्हणजे सुमारे ९३ लाख लिटर, आता तिथे उभं राहणार नाही. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर ९३० टँकर. एका गोदामाचे. शेजारी तसंच दुसरं, मग रांग. पाणी काही राजीनामा देऊन जात नाही, ते शेजारच्या सखल जागेत जातं. तिथे बहुतेक वेळा कुणाचं तरी घर असतं. दर पावसाळ्यात तीनबत्तीच्या भाजी बाजारात आणि नदीनाक्याच्या आसपास पाणी भरल्याचे फोटो येतात, आणि दर वेळी आपण "नालेसफाई झाली नाही" म्हणून मोकळे होतो. नालेसफाई झाली नसेलही. पण नाल्यातून वाहून जाईपर्यंत जे पाणी थांबून राहायचं, त्याची थांबायची जागा आपणच भरून टाकली, हा हिशेब कुणी मांडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठी नदी कुठे आहे हे मुंबईला कळलं. भिवंडीकरांना कामवारी कुठे आहे ते दर वर्षी कळतं.

आता मूळ मुद्दा, उत्सवांचा. मी उत्सवांच्या विरोधात अजिबात नाही. पर्यावरणाबद्दल गंभीर असलेली मंडळी बऱ्याचदा असल्या कार्यक्रमांना नाकं मुरडतात, "इव्हेंट करून काय होणार" वगैरे. मला उलट वाटतं. माणसं जमल्याशिवाय काहीच होत नाही. उदाहरण जवळचंच आहे. नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सला डीपीएस तलाव म्हणून ओळखली जाणारी तीसेक एकरांची जागा आहे. तिथे भरतीचं पाणी यायचं बंद झालं, तळं सुकलं, २०२४ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंगो मेले. रहिवासी दर काही दिवसांनी तिथे जमत राहिले, मानवी साखळ्या केल्या, फोटो काढले, पाणी कुठून अडलंय ते पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ती जागा संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. तिथे पक्षी होते म्हणून सोपं गेलं हे खरं, पण माणसं नसती तर पक्ष्यांना कुणी विचारलं नसतं.

आणि भिवंडीची अडचण नेमकी तीच आहे. तिच्याकडे गुलाबी पक्षी नाही. ठाण्याच्या खाडीत लाखाच्या वर फ्लेमिंगो येतात. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, ऑगस्ट २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर दर्जा मिळाला. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली ती तिसरी रामसर जागा. छान झालं, सगळ्यांनी एकदा ऐरोलीहून बोटीने जाऊन बघावं. पण उत्सव करायचा म्हटला की आपण सगळे तिथेच जातो, जिथे संरक्षण आधीच मिळालेलं आहे. जिथे अजून काहीच ठरलेलं नाही, जिथे उद्या सकाळी डंपर येऊ शकतो, तिथे फार तर पोती घेऊन जातो, आणि तेही प्लास्टिक उचलायला. प्लास्टिक उचलल्याने खाडी स्वच्छ दिसते. ती शिल्लक राहील की नाही, हे ठरतं कागदावर.

कागदाची गोष्ट अशी आहे. इस्रोने उपग्रहांवरून देशभरातल्या पाणथळ जागांचा नकाशा केला, त्यात सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ जागा निघाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, या सगळ्यांना संरक्षण द्या. नंतरच्या नकाशात आकडा २,३१,१९५ झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावलं की या जागांवर प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करा, हद्दी आखा. ही जागेवर जाऊन करायची खातरजमा म्हणजेच सगळा खेळ. समजा मोजणीदार एप्रिलमध्ये आला. त्याला काय दिसेल? क्रिकेटचं पिच.

शिवाय सव्वादोन हेक्टर ही रेषाही गमतीची आहे. म्हणजे साधारण दोन लाख बेचाळीस हजार चौरस फूट, आपल्या मघाच्या मापाने अडीच गोदामं सुद्धा नाहीत. त्याहून लहान डबकं, तळं, खाजणाचा तुकडा या यादीत येतच नाही. त्यात २०१७ च्या नियमांनी भातखाचरं, मिठागरं, नद्यांची पात्रं व्याख्येतूनच बाहेर ठेवली. कांदळवनं बरी सुरक्षित म्हणायची, कारण २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तोडणं म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे असं स्पष्ट म्हटलं आणि भोवती पन्नास मीटरची पट्टी मोकळी ठेवायला सांगितली. पण बांधाच्या आतलं खाचर, ज्यात जुलैत गुडघाभर पाणी उभं असतं? नियमांप्रमाणे ती पाणथळ नाही. पाण्याला अजून कुणी नियम वाचून दाखवलेले नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. उत्सव करायचा तर तो पाण्याच्या तारखेला करा, आणि त्यात नोंद करा. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉग ठेवा. सर्व्हर पडल्यावर "काल तर चालत होता" याला काही किंमत नसते, लॉग असेल तर बोला. जमिनीचंही तेच. "इथे पूर्वी पाणी असायचं" असं गावातले सगळे म्हणतात, पण त्या म्हणण्याला तारीख नसते, उंची नसते, गट नंबर नसतो. पक्ष्यांच्या बाबतीत हे काम हौशी लोक कधीपासून करतायत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, स्वयंसेवक दुर्बीण घेऊन जातात, मोजतात, तक्ता भरतात. कार्यक्रम म्हणून अगदी नीरस. सकाळी सहाला थंडीत चिखलात उभं राहून तुतारी किती, शेकाट्या किती. पण तीस-पस्तीस वर्षांनी तोच तक्ता पुरावा होतो.

बरं, पाण्याच्या तारखा आपण नव्याने शोधायलाही नकोत. त्या आधीच आहेत. पहिला मोठा पाऊस झाला की खाडीतले, नदीतले मासे उलट्या प्रवाहाने वर शेतात चढतात, अंडी घालायला. त्याला वलगण म्हणतात. त्या रात्री बत्त्या, टोपल्या, जाळी घेऊन सगळं गाव बांधावर असतं. फलक नाही, टोपी नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, आणि तरी पाणथळ जागेचा याहून मोठा सामुदायिक सोहळा मला तरी माहीत नाही. (अंड्यांनी भरलेले मासे सरसकट धरल्याने पुढच्या वर्षीची वलगण कमी होते, हेही खरं आहे, आणि गावातली जुनी माणसंच ते बोलून दाखवतात. उगाच सगळं जुनं ते सोनं म्हणायची गरज नाही.) मासा किती आत आला, कुठल्या बांधापर्यंत आला, ही पाण्याची हद्दच असते. ती लिहून घ्यायला फक्त कुणी नसतं. दुसरी तारीख नारळी पौर्णिमा. पौर्णिमेला उधाण असतंच, म्हणजे समुद्र त्या दिवशी आपली हद्द स्वतः आखून दाखवतो. २०२६ च्या पाणथळ दिनाचं सूत्र पारंपरिक ज्ञान आणि सांस्कृतिक वारसा असं होतं. ते वाचून मला बरं वाटलं, पण कार्यक्रम पुन्हा फेब्रुवारीतच!

आता कुणी म्हणेल, तू स्वतः त्याच गोदामांच्या जिवावर पगार घेतोस. बरोबर आहे. मी हे लिहितोय तो कीबोर्डसुद्धा तिथूनच आलाय. गोदामांमुळे तिथल्या पोरांना कामं मिळाली, ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना चार पैसे मिळाले. खाऱ्या जमिनीतल्या भाताने लग्नं होत नाहीत, हे मला तिथल्याच एकाने ऐकवलं, आणि त्याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. गोदामं नकोत असं मी म्हणतच नाही. उंचावरच्या जागी बांधा, पडघ्याच्या बाजूला मोठमोठी उभी राहिलीच आहेत. पण कुठल्या जागी पाणी थांबतं हेच कुठे लिहिलेलं नसेल, तर नकाशा करणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? त्याच्या पडद्यावर सगळा तालुका एकाच रंगाचा आहे. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण माझ्याही पडद्यावर तो एकच पिनकोड होता.

तर आम्ही पाच जण २०२५ च्या जुलैमध्ये पुन्हा गेलो. या वेळी सीएसआर नाही, आपापल्या खर्चाने. शनिवार बघितला, २६ जुलै. योगायोग असा की तोच जागतिक कांदळवन दिन, आणि तोच २००५ च्या पुराचा दिवस. जाण्याआधी भरतीची वेळ बघायला ॲप शोधत होतो, तेवढ्यात टीममधल्या एका अलिबागकराने सांगितलं, ॲप कशाला, तिथीची पाऊणपट कर. म्हणजे काय, तर तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. त्या दिवशी शुद्ध द्वितीया. दोन गुणिले पाऊण, दीड. दुपारी दीडला भरती. ॲपवर मुंबईची वेळ त्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधीची निघाली. एका ओळीचा कोड, आणि पंचांगावर चालतो! मी लगेच फेब्रुवारीतला दिवस काढून बघितला. माघ शुद्ध चतुर्थी, चार गुणिले पाऊण, तीन. तीनला भरती म्हणजे नऊला ओहोटी. आमचा पाणथळ दिन आम्ही मिनिटाच्या हिशेबाने बरोबर ओहोटीत साजरा केला होता :-)

मुंबईपेक्षा खाडीत आत भरती उशिरा पोहोचते म्हणून दोनला बांधावर उभे राहिलो. रिपरिप पाऊस. जिथे क्रिकेट चालू होतं तिथे आता लावणी झालेली, हिरवं आणि पाणी, पाणी आणि हिरवं. बांधाच्या बाहेर तिवरांच्या फक्त माना वर. आम्ही मोबाइलवर लोकेशन घेत, काठीने खोली मोजत, प्रत्येक फोटोत पट्टी दिसेल असं बघत चाललो. दोन तासांत एकोणीस ठिकाणं झाली. गोदामाच्या कुंपणाच्या भिंतीलगत पाणी अडून उभं होतं, तिथे सर्वात जास्त, माझ्या कमरेपर्यंत. भिंतीच्या पलीकडे कोरडं ठणठणीत.

बांधावर तेच काका. या वेळी छत्री घेऊन. त्यांनी आम्हाला ओळखलं, आधी टोप्या कुठे आहेत विचारलं. मग आमचा तक्ता हातात घेऊन बघितला, आणि सहावी नोंद चुकली म्हणाले. तिथलं पाणी खाडीचं नाही, वरच्या ओढ्याचं आहे. चव घेऊन बघा म्हणाले. घेतली. गोडं होतं.

मी म्हटलं, "काका, बघा, तुम्ही सांगितलंत तसे आखाडात आलो."

"आखाड तं परवा सरला," ते म्हणाले. "दोन दिस उशिरा आलाव. परवा हिथं होतं पानी." आणि छत्रीच्या टोकाने त्यांनी भिंतीवर आमच्या खुणेच्या वीतभर वर एक रेघ दाखवली. ओली माती अजून सुकायची होती.

आम्ही ती विसावी नोंद केली.